हायड्रोजन साडेपाच टक्के जास्त खपतोय, की माझं किलोमोलचं गणित चुकतंय?

शिफ्टबी (मंगळवार, रात्री ११:४०)

मंडळी, कोकणातल्या एका एमआयडीसीत हायड्रोजनेशन प्लांटवर आहे, नोकरीला आठ महिने झालेत. कंपनीचं नाव आणि खरं प्रॉडक्ट सांगत नाही. नायट्रो कंपाउंडचं अमाइन करतो एवढं समजा. गणितासाठी नायट्रोबेंझीन ते ॲनिलीन धरू, म्हणजे एका मोलला तीन मोल हायड्रोजन.

फीड ताशी ६१६ किलो. नायट्रोबेंझीनचा रेणुभार १२३.११, म्हणजे ५.००४ किलोमोल/तास. गुणिले तीन, हायड्रोजन लागायला हवा १५.०१ किलोमोल/तास. इथपर्यंत ठीक.

डीसीएसवर (कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर) हायड्रोजनचा फ्लो ३५५ एनएम क्यूब पर अवर, म्हणजे ताशी ३५५ नॉर्मल घनमीटर दिसतो. त्याला २२.४१४ ने भागलं तर १५.८४ किलोमोल/तास. म्हणजे ०.८३ किलोमोल जादा, साडेपाच टक्के. किलोत सांगायचं तर ताशी १.६७ किलो, दिवसाला ४० किलो हायड्रोजन कुठे जातोय माहीत नाही. व्हेंट बंद असतो, पर्ज अगदी किरकोळ. जेवढा खपतो तेवढाच प्रेशर कंट्रोल व्हॉल्व्ह आत घेतो.

हे मी काल सकाळच्या मीटिंगमध्ये सांगितलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. शिफ्ट इन्चार्ज म्हणाले, "लीक आहे. शोध." कालची अख्खी रात्र साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन फ्लॅन्ज टू फ्लॅन्ज फिरलो. एक बुडबुडा नाही. डिटेक्टर शून्यावर.

कॅटॅलिस्ट हायड्रोजन खातंय का? की साइड रिॲक्शन आहे? की युनिटमध्येच घोळ आहे? लायसेन्सरच्या (तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीच्या) जुन्या मॅन्युअलमध्ये हायड्रोजन ३३.१ एलबी-मोल (पाउंड-मोल) पर अवर दिलाय, तो १५ च्याच जवळ येतो असं मला वाटतं, पण त्या एलबी-मोलची पण खात्री नाही.

वाफाळता_चहा (मंगळवार, रात्री ११:५२)

आधी लीक शोधलंस ते बरोबरच केलंस. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की पेटायला तयार, आणि ज्योत दिवसा धड दिसतही नाही. गणित नंतर.

गोगलगाय (बुधवार, सकाळी ७:१५)

अरे सोप्पं आहे. तुझ्या लाइनला प्रेशर किती? टेम्परेचर किती? त्याचं करेक्शन लावलंच नाहीस. आदर्श वायूचं पीव्ही = एनआरटी विसरलास का? वाढीव आकडा तिथूनच येतोय.

शिफ्टबी (बुधवार, सकाळी ७:५८)

लाइनला आठ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) प्रेशर, ३८ अंश टेम्परेचर. लावून बघतो.

शिफ्टबी (बुधवार, सकाळी ८:२०)

आठ किलो गेजमध्ये हवेचा दाब १.०३३ मिळवून ॲब्सोल्यूट केलं ९.०३, भागिले १.०३३, तापमानाचं गुणोत्तर लावलं, सगळं मिळून ७.६७ पट. ३५५ चे २७२५ झाले, म्हणजे १२१ किलोमोल/तास. एवढ्या हायड्रोजनमध्ये आमची अख्खी वसाहत अमाइन होईल.

टेकडीवरचा (बुधवार, सकाळी ८:३१)

😂😂 प्रेशर गेजचं ॲब्सोल्यूट केलंस त्याबद्दल तरी शंभरपैकी दहा मार्क. आमच्याकडे निम्मे लोक ते पण करत नाहीत.

निवृत्त_बॉयलर (बुधवार, सकाळी १०:०५)

गोगलगाय, तुमचा सल्ला मनापासूनचा आहे, पण याच ठिकाणी पोरं हमखास फसतात. आकड्यामागे एन (नॉर्मल) किंवा एस (स्टँडर्ड) लावलेला असेल तर करेक्शन मीटरने किंवा फ्लो कॉम्प्युटरने आधीच केलेलं असतं. त्यावर पुन्हा लाइनचं प्रेशर लावायचं म्हणजे चहात साखर घातल्यावर परत साखर घालणं.

शिफ्टबी, नीट सांगतो, वेळ आहे माझ्याकडे.

पाइपातून किती मोल जातात हे तापमान-दाबावर बदलत नाही. १५ किलोमोल आत गेले तर १५ च बाहेर येणार, लाइन थंड असो वा गरम. बदलतं ते त्यांनी व्यापलेलं आकारमान. तुझ्या लाइनमध्ये आठ किलो गेजला, ३८ अंशाला, प्रत्यक्षात ताशी जेमतेम ४४ घनमीटर गॅस वाहतोय. स्क्रीनवर ३५५ दिसतात, कारण ते घनमीटर पाइपातले नाहीतच. "हाच गॅस एका ठरलेल्या तापमानाला आणि दाबाला आणला असता तर किती जागा व्यापली असती" असा तो काल्पनिक आकडा आहे. घनमीटराच्या वेषातला मोलच आहे तो.

आता प्रश्न एवढाच, ठरलेलं म्हणजे नेमकं कोणतं? इथे दर दहा माणसांत चार मतं. एका किलोमोलचं आकारमान असं बदलतं:

० अंश से., १ ॲटमॉस्फिअर: २२.४१४ घनमीटर
० अंश, १ बार: २२.७११
१५ अंश, १ ॲटमॉस्फिअर: २३.६४५
६० अंश फॅरनहाइट, १ ॲटमॉस्फिअर: २३.६९०
२० अंश, १ ॲटमॉस्फिअर: २४.०५५
२५ अंश, १ ॲटमॉस्फिअर: २४.४६५

तू २२.४१४ ने भागलंस, कारण शाळेपासून तोच पाठ आहे. आता ३५५ ला २३.६४५ ने भागून बघ आणि मग बोलू.

शिफ्टबी (बुधवार, सकाळी १०:१४)

१५.०१.

काका.

टेकडीवरचा (बुधवार, सकाळी १०:१६)

आणि हा गडी रात्रभर साबण लावत होता.

निवृत्त_बॉयलर (बुधवार, सकाळी १०:४०)

थांबा, एवढ्यात पेढे वाटू नका. आकडा जुळला म्हणजे कारण सापडलं असं नाही. दशांशापर्यंत जुळला यात योगायोगाचाही भाग आहे, फीडचं मीटरच अर्धा टक्का इकडे-तिकडे असू शकतं. पुरावा हवा.

मीटर कोणतं आहे? थर्मल मास असेल तर ट्रान्समिटरच्या मेनूत रेफरन्स डेन्सिटी (ठरलेल्या तापमान-दाबाला गॅसची घनता) नावाची ओळ असते. हायड्रोजनसाठी तिथे ०.०८९९ किलो प्रति घनमीटर असेल तर मीटर ० अंशावर सेट आहे. ०.०८५ च्या आसपास असेल तर १५ अंशावर. ०.०८३८ असेल तर २०, ०.०८२४ असेल तर २५. मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट सापडलं तर सोन्याहून पिवळं. डीसीएसच्या स्क्रीनवर लिहिलेल्या "एन" वर मात्र विश्वास ठेवू नकोस. तो ग्राफिक बनवणाऱ्याने सवयीने टाइप केलेला असू शकतो.

वाफाळता_चहा (बुधवार, सकाळी ११:०२)

इन्स्ट्रुमेंटचा माणूस म्हणून सांगतो, असं होतं. डीसीएसवाला वेगळा, मीटरवाला वेगळा, कमिशनिंगला दोघं एका दिवशी साइटवर नसतात. मीटरवाल्याने "स्टँडर्ड क्यूब" म्हटलं, डीसीएसवाल्याने "नॉर्मल क्यूब" लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. पुढे दहा वर्षं शिव्या आम्हाला.

घनमीटर (बुधवार, दुपारी १:२०)

गॅसच्या धंद्यात तर मोल हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. इथे एमएमएससीएमडी, म्हणजे दिवसाला दहा लाख स्टँडर्ड घनमीटर. भारतात नैसर्गिक वायूचा स्टँडर्ड घनमीटर १५ अंश आणि १ ॲटमॉस्फिअरला धरतात. त्यामुळे १ एमएमएससीएमडी म्हणजे ४२,२९० किलोमोल दिवसाला, तासाला १७६२.

अमेरिकन कागद आला की घनफूट, ६० अंश फॅरनहाइटला. एका पाउंड-मोलला सुमारे ३७९.५ घनफूट. म्हणून १ एमएमएससीएफडी म्हणजे साधारण १०९.८ पाउंड-मोल/तास, किंवा ४९.८ किलोमोल/तास. हे "पन्नासला थोडं कमी" डोक्यात ठेवलं की मीटिंगमध्ये रुबाब पडतो.

आणि त्या दोन एमचा गोंधळ. तेल-वायूवाल्यांचा एम रोमन आहे, एम म्हणजे हजार, दोन एम म्हणजे हजार गुणिले हजार. एसआयवाल्याला एक एम दिसला की तो मेगा समजतो, लगेच हजारपट. एमएससीएफ म्हणजे फक्त हजार घनफूट. मी स्वतः नवा असताना एका रिपोर्टात एक एम दहा लाख धरून उरणच्या एका लाइनमधून एवढा गॅस दाखवला होता की साहेब म्हणाले, "बॉम्बे हाय आजच रिकामी करणार का?"

गोगलगाय (बुधवार, दुपारी १:४५)

निवृत्त_बॉयलर, चूक मान्य. माझ्याकडे प्लांटला साधे रोटामीटर (काचेच्या नळीत तरंगणाऱ्या फ्लोटवर फ्लो वाचायचा मीटर) आहेत, तिथे करेक्शन आपल्यालाच लावावं लागतं. म्हणून हात आपोआप तिकडे गेला.

निवृत्त_बॉयलर (बुधवार, दुपारी २:३०)

गोगलगाय, रोटामीटरचं तुमचं अगदी बरोबर. पण तिथेही सरळ गुणाकार नाही, वर्गमूळ आहे. हवेवर, समजा २० अंशाला आणि १ ॲटमॉस्फिअरला कॅलिब्रेट केलेली ट्यूब असेल, तर वाचलेल्या स्टँडर्ड फ्लोला तीन गुणोत्तरांच्या गुणाकाराचं वर्गमूळ लावायचं: प्रत्यक्ष दाब भागिले कॅलिब्रेशनचा दाब, कॅलिब्रेशनचं तापमान भागिले प्रत्यक्ष तापमान, हवेची घनता भागिले गॅसची घनता. दाब ॲब्सोल्यूट, तापमान केल्विनमध्ये, आणि दोन्ही घनता एकाच तापमान-दाबाला. हायड्रोजन हवेच्या सुमारे चौदाव्या हिश्श्याइतका हलका, तेव्हा त्या एकाच गोष्टीने आकडा जवळपास पावणेचार पट होतो. हवेचा रोटामीटर हायड्रोजनला लावून सरळ रीडिंग लिहिलेली लॉगशीट मी पाहिलेली आहे. वर्षभराची.

प्राजक्ता_मुळशी (बुधवार, दुपारी ३:१०)

मध्येच एक बाळबोध प्रश्न, हसू नका. पाउंड-मोल म्हणजे काय? मोल म्हणजे ठरावीक संख्या ना, ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात? मग त्यात पाउंड कुठून आला? डझनात किलो घातल्यासारखं वाटतंय.

अनुजा_के (बुधवार, दुपारी ३:३८)

प्राजक्ता, प्रश्न मुळीच बाळबोध नाही. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या खरंच तशी आहे, नुसती संख्या: ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात, नेमकी. ग्रॅमशी संबंध व्याख्येतून गेला. पण पाउंड-मोल त्या आधीच्या जमान्यातला. रेणुभार जितका, तितके ग्रॅम घेतले की एक मोल. तितकेच पाउंड घेतले की एक पाउंड-मोल. पाउंड ४५३.५९२३७ ग्रॅमचा, म्हणून पाउंड-मोल ४५३.५९२३७ मोलचा. मोठा डझन आहे असं समज.

शिफ्टबी, त्यामुळे किलोमोल आणि पाउंड-मोल यांचं नातं किलो आणि पाउंडासारखंच. ३३.१ भागिले २.२०४६, बरोबर १५.०१. वेगळं काही पाठ करायला नको. मोल/सेकंद हवा असेल तर किलोमोल/तासला ३.६ ने भाग. तुझे १५.०१ म्हणजे ४.१७ मोल/सेकंद. आमच्या एका ज्युनिअरने "हजाराने गुणून साठने भागलं" आणि रिॲक्टरचा रेसिडन्स टाइम (आत थांबण्याचा वेळ) साठपट कमी आणला होता. तास ते सेकंद म्हणजे ३६००, हे थकलेल्या माणसाला आठवत नाही.

आता माझं दुखणं सांगते. मी पुण्यात लॅबमध्ये कॅटॅलिस्टवर काम करते. आमचे छोटे मास फ्लो कंट्रोलर एससीसीएममध्ये, म्हणजे मिनिटाला स्टँडर्ड घनसेंटिमीटर. ० अंश आणि १ ॲटमॉस्फिअर धरलं तर १ एससीसीएम म्हणजे ४४.६ मायक्रोमोल/मिनिट. २५ अंश धरलं तर ४०.९. फरक नऊ टक्के. दोन कंट्रोलर शेजारी-शेजारी, एकाचा रेफरन्स ०, दुसऱ्याचा २५. हायड्रोजन एकातून, कार्बन डायऑक्साइड दुसऱ्यातून. मी समजत होते हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तीनास एक आहेत, प्रत्यक्षात होते ३.२७ ला एक. पेपर पाठवायच्या आठवड्यात कळलं. त्या आठवड्यातलं माझं वजन विचारू नका.

प्राजक्ता_मुळशी (बुधवार, दुपारी ३:४४)

मोठा डझन! आता कळलं. धन्यवाद ताई.

टेकडीवरचा (बुधवार, दुपारी ४:०५)

हे २२.७११ काय प्रकरण आहे? माझ्या मुलीच्या पुस्तकात २२.७ बघून मी छपाईची चूक म्हणून शाळेत फोन करणार होतो.

अनुजा_के (बुधवार, दुपारी ४:२२)

फोन करू नका 🙂 आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८२ मध्ये प्रमाण दाब १ ॲटमॉस्फिअरऐवजी १ बार केला. तापमान तेच, ० अंश. दाब १.३ टक्क्यांनी उतरला, आकारमान तेवढंच वाढलं. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात २२.७ आहे ते त्यामुळेच. कारखान्यांनी मात्र ते मनावर घेतलं नाही. नॉर्मल घनमीटर म्हटलं की अजूनही ॲटमॉस्फिअरच धरतात, आणि तुमच्या-माझ्या पिढीच्या तोंडून २२.४ च येणार.

तालुका_टेक (बुधवार, संध्याकाळी ६:५०)

हा धागा २०२१ मध्ये हवा होता. मी एका तालुक्याच्या ठिकाणी रुग्णालयात बायोमेडिकलचं काम बघतो. दुसऱ्या लाटेत टँकर यायचा टनात, सिलिंडर घनमीटरात, पीएसए प्लांट (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा) एलपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला लिटर, आणि डॉक्टर विचारायचे, "रात्र निघेल का?"

मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं: १ टन द्रव ऑक्सिजन म्हणजे ३१.२५ किलोमोल. ० अंशाला धरलं तर ७०० घनमीटर, म्हणजे सात घनमीटरचे शंभर जम्बो सिलिंडर. हिशोबाला इतका सोयीचा आकडा आयुष्यात दुसरा भेटला नाही. २५ अंशाला धरलं तर तोच टन साडेसातशेच्या वर जातो.

हजार एलपीएमचा पीएसए दिवसाला किती टन देतो, यावर कलेक्टर ऑफिसच्या बैठकीत दोन जणांची जुंपली होती. एक म्हणे २.०६, दुसरा म्हणे १.८८. आज लक्षात येतंय की दोघंही बरोबर होते, एकाने ० अंश धरला होता, दुसऱ्याने २५. आणि दोघंही थोडे चुकले होते, कारण पीएसएचा ऑक्सिजन ९३ टक्क्यांच्या आसपास असतो, बाकीचं आर्गॉन आणि नायट्रोजन.

त्या वेळी मला ते अंश महत्त्वाचे वाटले नाहीत. हाय फ्लोवर एक पेशंट मिनिटाला ६० लिटर घेत असेल तर जम्बो सिलिंडर दोन तासही पुरत नाही, तेवढंच डोक्यात होतं.

वाफाळता_चहा (बुधवार, संध्याकाळी ७:०४)

🙏

स्टॉकहोमकर (बुधवार, रात्री ९:३०)

थोडं अवांतर. मोल प्रति सेकंदाला एसआयमध्ये स्वतःचं नावही आहे, पण फक्त उत्प्रेरकांच्या, मुख्यतः एन्झाइमच्या कामगिरीसाठी: कॅटल. १९९९ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे एसजीपीटीचा रिपोर्ट युनिट प्रति लिटरमध्ये येतो. एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल, म्हणजेच १६.६७ नॅनोकॅटल. इथे स्वीडनमध्ये रिपोर्ट मायक्रोकॅटल प्रति लिटरमध्ये देतात. आई इथे आली असताना तिची तपासणी केली, आकडा आला ०.६. ती घाबरली, "माझं लिव्हर संपलं का रे?" साठने गुणून ३६ सांगितलं तेव्हा जेवली.

टेकडीवरचा (बुधवार, रात्री ९:४१)

शिफ्टबी कुठे गेला? मेनू बघितला की नाही?

शिफ्टबी (गुरुवार, पहाटे ४:५५)

नाइटला आहे, आत्ता वेळ मिळाला.

मीटर थर्मल मासच आहे. रिॲक्टर स्ट्रक्चरच्या दुसऱ्या मजल्यावर, पाइप रॅकच्या मागे, डिस्प्ले भिंतीकडे तोंड करून. बॅटरी दातात धरून मेनूत गेलो. रेफरन्स डेन्सिटी: ०.०८५२.

खाली पत्र्याच्या कपाटात कमिशनिंगची फाइल होती, अर्धी वाळवीने खाल्लेली. कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मात्र प्लॅस्टिकमध्ये असल्याने वाचलं. त्यावर स्पष्ट आहे, १५ अंश सेल्सिअस, १.०१३२५ बार. म्हणजे डीसीएसवरचा "एन" उगाचच. लीक नव्हतं, कॅटॅलिस्ट काही खात नव्हतं, तो ४० किलो हायड्रोजन अस्तित्वातच नव्हता.

काका, तुमच्या भागाकाराने ०.०८५३ येतात, इथे ०.०८५२ आहेत. ते का?

निवृत्त_बॉयलर (गुरुवार, सकाळी ८:१०)

शाब्बास. हायड्रोजन पूर्ण आदर्श वायू नाही, या स्थितीत त्याचा झेड फॅक्टर १ च्या किंचित वर, १.०००६ च्या आसपास असतो. घनता तेवढी कमी येते. उद्या दीडशे किलो प्रेशरचं स्टोरेज हातात आलं तर मात्र त्या झेडकडे बघावं लागेल. तिथे आदर्श वायू धरलास तर सिलिंडर बँकेतला स्टॉक आहे त्यापेक्षा आठ-नऊ टक्के जास्त दिसेल आणि पुन्हा साबण घेऊन फिरशील.

आता दोन कामं कर. डीसीएसचं युनिट बदलण्यासाठी रीतसर चेंज रिक्वेस्ट टाक, स्वतः ग्राफिकला हात लावू नकोस. आणि त्या टॅगवर कोणी आजवर २२.४१४ ने भागून महिन्याचे खपाचे रिपोर्ट दिलेत का ते बघ.

शिफ्टबी (गुरुवार, सकाळी ८:४०)

दिलेत. गेल्या चार वर्षांचे. साइड रिॲक्शनसाठी "५ टक्के अलाउन्स" अशी एक ओळ दर महिन्याला आहे. ती कुठून आली हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

वाफाळता_चहा (गुरुवार, सकाळी ८:४३)

आई गं.

शिफ्टबी (शुक्रवार, संध्याकाळी ५:३०)

अपडेट. चेंज रिक्वेस्ट मंजूर झाली. तोपर्यंत पॅनलवर कागद चिकटवलाय: "हायड्रोजन फ्लो: १५ अंश, १ ॲटमॉस्फिअर. किलोमोलसाठी २३.६४५ ने भागा." दुपारच्या शिफ्टचा ऑपरेटर तो वाचून म्हणाला, "साहेब, लाइन तर ३८ ला चाललीय, हे १५ कुठलं?" त्याला काकांचा चहा-साखरेचा प्रतिसाद वाचून दाखवला.

मग हुरूप आला म्हणून नायट्रोजनच्या मीटरचा मेनूही उघडला. स्क्रीनवर तिथेही "एन" आहे. रेफरन्स डेन्सिटी १.१६५.

निवृत्त_बॉयलर (शुक्रवार, संध्याकाळी ५:५२)

२८.०१३ भागिले २४.०५५ करून बघ.

शिफ्टबी (शुक्रवार, संध्याकाळी ५:५५)

२० अंश 🤦 दुसरा कागद चिकटवतो.